बाबांना पलंगावरून उचलण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे? घर अर्धे कवेलूचे, वीज बेभरवशाची

प्रश्न – ओसरीवरून

नमस्कार. आमचे घर यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. बाबांचे वय 71 आणि वजन 82 किलो. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणे समजते, उजव्या हाताने जेवणही स्वतः करतात. परंतु पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून शौचाला आणि तेथून परत पलंगावर असे दिवसातून पाच-सहा वेळा त्यांना उचलावे लागते. आजवर हे काम माझा धाकटा भाऊ आणि आमचा सालगडी दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून करत आले. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की भाऊ, वहिनी आणि गडी तिघेही वावरात असतात व घरी फक्त आई उरते. तिचे वय 64 असून गुडघे दुखरे आहेत. मागच्या महिन्यात तिने एकटीने प्रयत्न केला, दोघेही पलंगाच्या कडेवरून घसरत खाली आले आणि शेजारचे घरी येईपर्यंत दोन तास ती बाबांचे डोके मांडीवर घेऊन जमिनीवर बसून होती. सुदैवाने कोणाला लागले नाही.

मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. लाख रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे, मात्र चौकशीने गोंधळ वाढला आहे. मी ‘लिफ्ट’ म्हटले की ऐकणारा आपापल्या सोयीचा अर्थ घेतो. नागपूरच्या एका विक्रेत्याने छताला रूळ ठोकून त्यावरून सरकणारे यंत्र सुचवले. दुसऱ्याने, घराचे जोते अडीच फूट उंच आहे एवढे ऐकताच, इमारतीत असते तशा लिफ्टचा काही लाखांचा दर पाठवून दिला. गावातला वेल्डिंगवाला म्हणतो की ट्रॅक्टरचा जॅक आणि चार इंची पाइप आणून द्या, आठवड्यात उभे करून देतो.

घराचा पुढचा भाग जुना आहे: मातीच्या भिंती, सागवानी मयाल, वर कवेलू. मागे 2016 मध्ये बांधलेली स्लॅबची खोली आहे, साधारण 12 बाय 11 फुटांची. बाबांचा पलंग तेथे आहे. संडास आणि न्हाणी परसात, खोलीपासून अठरा फुटांवर. खोलीत टाइल्स आहेत, पण खोली आणि न्हाणी यांच्यामधला पट्टा शेणाने सारवलेला आहे. उन्हाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते, आणि असते तेव्हाही दाब इतका कमी की कूलरचे पाते डोळ्यांनी मोजता येते.

बाबांचा तर यंत्रालाच विरोध आहे. मोबाइलवर चित्रफीत दाखवली तेव्हा म्हणाले, “मले कापसाच्या गाठोड्यावानी काट्याले टांगू नका.” जाणकारांनी आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 – हिंगणघाटची सून

दादा, आपल्या आईंचे दोन तास वाचून मन भरून आले. माझ्या सासूबाई चार वर्षे अंथरुणावर होत्या, दोन्ही पाय पूर्ण गेलेले, वजन 74 किलो. त्यांतील तीन वर्षे आम्ही हातपंपाचे हायड्रॉलिक उचलयंत्र वापरले. त्या अनुभवावरून लिहिते.

पहिली गोष्ट यंत्राची नाहीच. आम्ही यंत्र घेण्याआधी आठ दिवस वहीत लिहून ठेवले की सासूबाईंना किती वाजता, कशासाठी आणि कोणी उचलले. तेव्हा लक्षात आले की दिवसातल्या सहापैकी तीन खेपा केवळ लघवीसाठी होत्या. पलंगाजवळच पॉट ठेवायला सुरुवात केल्यावर त्या बंद झाल्या. आपले बाबा उजवा हात वापरतात, तेव्हा लघवीचे भांडे हाताशी ठेवणे त्यांना सहज जमेल. शौचाची वेळ सकाळी सहाची बसवली, म्हणजे भाऊ आणि गडी वावरात जाण्यापूर्वीची, तर दुपारी आईंवर येणारा भार बराच कमी होईल. दुपारी दोन वाजता घरात जे हात असतात, त्यांना झेपेल तेच यंत्र आपल्या कामाचे.

आता यंत्राविषयी. जमिनीवर चाकांवर चालणारे उचलयंत्र म्हणजे खाली दोन लांब पाय, मध्ये खांब, वर पुढे आलेला दांडा, दांड्याच्या टोकाला आकड्यांचा आडवा बार आणि त्याला अडकवायची कापडी झोळी. हायड्रॉलिक प्रकारात हाताने दांडी मारून वर न्यायचे आणि झडप हळूहळू सैल करून खाली आणायचे. विद्युत प्रकारात हेच काम बटणाने आणि बॅटरीवर होते. खाली आणताना घाई झाली तर माणूस धपकन बसतो, म्हणून झडप किती फिरवायची याचा सराव आम्ही आधी तांदळाच्या कट्ट्यावर केला होता.

हे यंत्र माणसाला उभ्या दिशेने वर-खाली करण्यासाठी आहे, लांब नेण्यासाठी नाही, ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. झोळीत माणूस लटकत असताना उंबरठ्यावरून किंवा सारवलेल्या जमिनीवरून ते ओढणे म्हणजे ते उलटण्याला आमंत्रण देणे होय. लहान चाके मातीत रुततात. पलंगावरून उचलायचे, दोन-तीन फूट मागे घ्यायचे, खुर्ची खाली सरकवायची आणि बसवायचे. पुढचे अठरा फूट चाकांच्या खुर्चीचे. त्यामुळे आम्ही यंत्राच्या आधी जमिनीवर खर्च केला. पलंगापासून न्हाणीपर्यंत चार फूट रुंद सिमेंटचा पट्टा गिलावा करून घेतला आणि न्हाणीचा उंबरठा फोडून उतरता केला. गवंड्याचे दोन दिवसांचे काम होते.

पलंग कोणता आहे ते आपण लिहिले नाही. खाली पेटी असलेला दिवाण असेल तर यंत्राचे पाय आत शिरणारच नाहीत. आमचे यंत्र आले त्या दिवशी हाच घोटाळा झाला आणि ते तीन आठवडे ओसरीत उभे राहिले. पलंगाखाली निदान सहा इंच मोकळी जागा हवी. दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन पलंगाखालची उंची, दाराची रुंदी आणि पलंगाशेजारची मोकळी जागा मोजून कागदावर लिहून न्या.

झोळीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आमचा खरा त्रास तिनेच झाला. रोजच्या वापराला इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची झोळी बरी: पाठीमागून घालायची आणि तिचे दोन पट्टे मांड्यांखालून आणून मध्ये एकमेकांत ओवायचे. सासूबाई आयुष्यभर नऊवारी लुगडे नेसलेल्या. मांड्यांमधून पट्टे घ्यायचे म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस अन्न टाळले. शेवटी सैल गाऊन शिवला, वरून चादर लपेटली आणि उचलताना खोलीत फक्त मी व नणंद असू असे ठरवले, तेव्हा कुठे त्या राजी झाल्या. बाबांच्या बाबतीत लुंगीपेक्षा सैल पायजमा सोपा पडेल. झोळी एकाच मापाची सर्वांना बसत नाही. पाठीवर ती माकडहाडापासून खांद्यापर्यंत, आणि मान धरत नसेल तर डोक्यापर्यंत यायला हवी. मोठी झाली तर माणूस मधून निसटतो आणि लहान झाली तर मांडीला काचते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जाळीची झोळी घ्यावी. ती अंघोळीलाही चालते आणि लवकर वाळते. बसवून झाल्यावर झोळी काढून घ्यायची, अंगाखाली घडी राहू द्यायची नाही, कारण घामाने आणि घडीने शय्याव्रण (पडून-बसून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होतात.

बाबांना टांगल्यासारखे वाटते हे अगदी खरे आहे. एकदा घरातील प्रत्येकाने त्या झोळीत बसून पाहावे. मी बसले तेव्हा कळले की वर जाताना पाय अधांतरी झाले की पोटात गोळा येतो, आणि तेवढ्यात कोणी गुडघ्यावर हात ठेवला तर तो जातो.

उत्तर 2 – भौतिकोपचार (फिजिओथेरपी), वर्धा

वरील ताईंचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यांच्या सासूबाई आणि आपले बाबा यांच्यात एक मोठा फरक आहे. त्यांचे दोन्ही पाय गेलेले होते. बाबांची उजवी बाजू शाबूत आहे. ज्या माणसाला एका पायावर थोडा तरी भार घेता येतो, त्याला रोज झोळीत घालून पूर्ण उचलणे म्हणजे उरलेल्या पायाचे बळही महिन्यागणिक घालवणे. म्हणून यंत्र ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. पलंगाच्या कडेला पाय जमिनीला टेकवून बाबा आधाराशिवाय बसू शकतात का? उजव्या हाताने समोरची दांडी घट्ट धरू शकतात का? आणि दोघांनी आधार दिल्यावर उजव्या पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहू शकतात का?

तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर बसल्यावरून उभे करणारे यंत्र किंवा नुसता कमरेचा हस्तांतरण पट्टाही पुरेसा ठरू शकतो. पट्टा कमरेभोवती बांधायचा, त्याच्या मुठी धरायच्या, खुर्ची चांगल्या म्हणजे उजव्या बाजूला किंचित तिरपी लावायची, तिचे ब्रेक लावायचे आणि पलंग व खुर्ची एकाच उंचीची ठेवायची. हात काढता येणारी खुर्ची घेतली तर मध्ये गुळगुळीत फळी टाकून सरकवताही येते. बसता येते पण उभे राहता येत नाही, अशा रुग्णासाठी मागून उघडणारी खुर्ची मिळते: तिची बैठक दोन भागांत फाकते, कडेला बसलेल्या माणसाच्या मांड्यांखाली दोन्ही बाजूंनी सरकवून मागे बंद करायची आणि हँडलने उंची वाढवायची. झोळी लागत नाही, वीज लागत नाही, आणि बैठकीला मध्ये मोकळी जागा असल्याने तीच शौचकूपावर नेता येते. बाबांच्या मनातला काट्याचा प्रश्नही त्यात उरत नाही. तिची मर्यादा अशी की माणूस जमिनीवर पडला तर ती उपयोगाची नाही. मागच्या महिन्यासारखा प्रसंग आला तर झोळीचेच यंत्र लागते, आणि तेही असे की ज्याचा दांडा जमिनीजवळ येतो. खरेदी करताना हे विचारून घ्या.

आता एक कळकळीची सूचना. काखेत हात घालून उचलणे आजपासून थांबवा. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात; डाव्या काखेतून किंवा डावा हात धरून ओढले की सांधा खोबणीतून खाली उतरतो आणि तो खांदा कायमचा दुखरा होतो. बाबा रात्री डावा खांदा दुखतो म्हणत असतील तर त्याचे कारण बहुधा हेच असेल.

वेल्डिंगवाल्याविषयी: पलंगाचे पाय उंच करणे, न्हाणीत पकडायला दांडी बसवणे, उताराला कठडा करणे ही कामे त्याच्याकडून अवश्य करून घ्या. माणूस अधांतरी धरणारा दांडा आणि आकडे मात्र त्याच्याकडून नकोत. ट्रॅक्टरचा जॅक टनभर उचलतो हे खरे; पण त्याला जोडलेला सांधा किती उचलतो आणि पुढे वजन आल्यावर पाया उलटतो की नाही, हे गावात कोणीही तपासून देऊ शकत नाही. तयार यंत्राच्या पंपाचे ऑइल सील गळू लागले, तर ते बदलायला ट्रॅक्टरचा मिस्त्री उत्तम.

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी मेघेचे रुग्णालय आपल्याला अंतराने पडेल, तरी एकदा बाबांना भौतिकोपचार विभागात दाखवून मगच पैसे खर्च करा. घरातील जी व्यक्ती यंत्र वापरणार आहे तिलाच सोबत न्या. मुलगा पुण्याहून येऊन शिकून जातो आणि दुपारी यंत्र आईच्या हाती पडते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

उत्तर 3 – निवृत्त तारतंत्री

मी वीज खात्यात तीस वर्षे काढली, म्हणून फक्त विजेपुरते आणि इमारतीच्या लिफ्टपुरते लिहितो.

अडीच फुटांच्या जोत्यासाठी कोणी काही लाखांची लिफ्ट विकत असेल तर त्याला नमस्कार करून वाटेला लावा. उताराचा ठरलेला हिशेब एकास बारा असतो; म्हणजे अडीच फूट उंचीला तीस फूट लांबीचा उतार. आंगण मोठे असेल तर भिंतीलगत पंधरा फूट, मग वळायला पाच बाय पाच फुटांचा सपाट चौथरा आणि पुन्हा पंधरा फूट, असा तो बसतो. खेड्यात जागेची अडचण नसते. बांधकामाच्या घाईत लोक दहा फुटांत उतार उरकतात आणि मग त्यावरून बैलही चढायला कां-कूं करतो, तसे मात्र करू नका.

घरगुती लिफ्ट खरोखरच लावायची झाली तर राज्याचा 2017 चा कायदा आहे, 1939 च्या मुंबई लिफ्ट कायद्याच्या जागी आलेला. त्यानुसार उभारण्याआधी परवानगी आणि चालवण्याआधी परवाना घ्यावा लागतो. शिवाय वीज गेल्यावर पिंजरा जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी बॅटरीची सोय हवी आणि देखभालीला माणूस नागपुरातून यायला हवा. तो पावसाळ्यात कधी येईल ते आपणच ठरवा.

छताच्या रुळाविषयी: सागाचा मयाल वरून कितीही ठणठणीत दिसला तरी आतून उधळीने पोखरलेला असू शकतो. त्याला माणसाचे वजन टांगू नये. स्लॅबच्या खोलीत रूळ लावता येईल, पण अभियंत्याने स्लॅबची जाडी आणि सळई पाहिल्यावरच. आणि तो रूळ त्या खोलीच्या दारापाशी संपेल. न्हाणी परसातच राहील.

विद्युत उचलयंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली म्हणून माणूस वर अडकत नाही. चार्जिंग मात्र रोज रात्री, दाब बरा असेल तेव्हा करावे. वीज नसताना व बॅटरीही उतरली असताना हाताने खाली आणण्याची सोय आहे का, ते दुकानातच करून दाखवायला सांगा. माझे स्वतःचे मत विचाराल तर आपल्याकडे हातपंपाचेच घ्यावे.

प्रश्नकर्ता – ओसरीवरून

तिघांचेही मनापासून आभार. मी चार दिवसांसाठी गावी आलो आहे आणि टेप घेऊन सगळे मोजले. पलंग खाली पेटीचा दिवाणच निघाला. खोलीचे दार 34 इंच, न्हाणीचे 28 इंच, न्हाणीचा उंबरठा पाच इंच. बाबा कडेला बसतात, पण डाव्या बाजूला कलतात. उजव्या हाताने पलंगाची दांडी धरली तर स्थिर राहतात. पट्टा बांधून आम्ही दोघांनी उभे केले तेव्हा सकाळी दहा आकडे मोजून झाले, संध्याकाळी मात्र चार आकड्यांवरच गुडघा वाकला. डावा खांदा रात्री दुखतो हेही खरे निघाले. बाबा हे आजवर कोणाला बोलले नव्हते.

मग सकाळच्या आणि संध्याकाळच्या बाबांसाठी वेगवेगळे यंत्र घ्यायचे की काय? शिवाय शासकीय योजनेतून काही मिळते का?

उत्तर – भौतिकोपचार, वर्धा

यंत्राची निवड नेहमी थकलेल्या वेळेच्या माणसाकडे पाहून करावी. तेव्हा उभे करणारे यंत्र तूर्त बाजूला ठेवा. दिवसाच्या नेहमीच्या खेपांसाठी मागून उघडणारी खुर्ची घ्या. ती घेताना तिची बाहेरची रुंदी 28 इंचांच्या दारातून जाईल, हे दोन बोटे राखून पाहा. बाबा डावीकडे कलतात, म्हणून छातीचा पट्टा असलेलीच घ्यावी. सकाळी ताजेतवाने असताना मात्र पट्टा बांधून दोघांच्या आधाराने रोज उभे करत राहा. तो त्यांचा व्यायाम आहे आणि तो यंत्राने हिरावून घेऊ नये.

झोळीचे हायड्रॉलिक यंत्र आधी महिनाभर भाड्याने मिळते का ते नागपूर किंवा यवतमाळच्या शस्त्रक्रिया-साहित्याच्या दुकानांत विचारा. ते पडण्याच्या प्रसंगासाठी आणि आजारपणात अंगात त्राण नसेल त्या दिवसांसाठी. वापरताना दोन माणसे असावीत. आईंनी एकटीने ते चालवू नये. उचलताना यंत्राचे पाय पूर्ण फाकवलेले, यंत्राची चाके मोकळी आणि खुर्चीचे ब्रेक लावलेले असावेत. यंत्राची चाकेही जखडली तर वजन मध्यावर येताना ते स्वतःला सावरू शकत नाही. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

योजनांविषयी: दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र अजून काढले नसेल तर आधी ते काढा. केंद्राच्या 2017 पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची अशी साधने मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात एकदा 3,000 रुपये जमा होतात. त्यात कमोड खुर्ची भागेल. उचलयंत्र त्यातून होणार नाही. आपण नोकरदार आहात. जुन्या करपद्धतीत असाल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग पालकासाठी 75,000 रुपयांची, आणि दिव्यांगत्व 80 टक्के वा अधिक असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. तिच्यासाठीही तेच प्रमाणपत्र लागते.

प्रश्नकर्ता – ओसरीवरून

दिवाण मोठ्या काकांकडे गेला आणि त्यांचा जुना लोखंडी पलंग आमच्याकडे आला. वेल्डिंगवाल्याने त्याचे पाय चार इंचांनी वाढवून दिले व डोक्याच्या बाजूला धरायला दांडी बसवली. त्याचाही मान राहिला. गवंडी गुरुवारी येतो आहे, उंबरठा आणि सिमेंटच्या पट्ट्यासाठी. झोळीचे यंत्र यवतमाळहून महिन्याच्या भाड्याने आणले. ताईंनी लिहिल्याप्रमाणे आधी भाऊ झोळीत बसला, मग मी. भाऊ वर गेला तेव्हा पलंगावरून पाहत असलेले बाबा म्हणाले, “आता मांडा याले काट्यावर, किती भरते ते पाहू.” दुसऱ्या दिवशी ते स्वतः बसले. गुडघ्यावर हात आईने ठेवला होता.

शेवटची एक शंका. झोळी एकच आली आहे. दुसरी घ्यावी का?

उत्तर – हिंगणघाटची सून

घ्यावीच. एक धुतली की दुसरी हाताशी असते, आणि पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस वाळत नाही. साध्या साबणाने धुवा, ब्लीच वापरू नका, सावलीत वाळत घाला. उन्हाने पट्ट्यांचा धागा कुजतो. दर वेळी अडकवण्यापूर्वी आकड्यात जाणारे फासे आणि शिलाई बोटाने चाचपून पाहा, आणि दोन्ही बाजूंना एकाच रंगाचा फासा लागला आहे ना, ते आईंना मोठ्याने म्हणायला सांगा. आमच्याकडे सासूबाई स्वतःच म्हणायच्या, “निळा-निळा, हिरवा-हिरवा, आता उचला.”